दोन रिंगा

हॅलो. हां, मी जयराम बोरस्त्यांच्या घरचा फोन बोलतोय, सातपूर कॉलनीतला. नाही हो, जयराम नाहीत, संध्याबाईही नाहीत. मीच बोलतोय, फोन स्वतः. इतकी वर्षं सगळे माझ्यातून बोलले, आज म्हटलं आपणही बोलून बघावं. घाई असली तर सांगा, मला राग येत नाही. राग, आनंद असलं काही माझ्याकडे फारसं नसतंच. इकडचं ऐकायचं आणि तिकडे द्यायचं, एवढंच माझं काम.

माझा रंग बिस्किटी. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यासारखे ढिगाने होते. जयरामांनी नंबर लावला तेव्हा त्यांची तृप्ती बालवाडीत होती, आणि मी घरी आलो तेव्हा ती चौथीत गेलेली. साल चौऱ्याण्णव. लाइनमनला चहा आणि पेढे मिळाले. संध्याबाईंनी माझ्यासाठी लोकरीचं झाकण विणलं. उन्हाळ्यात लोकर! पण मला कोण विचारतंय.

गल्लीत तेव्हा मी एकटाच. सगळ्या शेजाऱ्यांनी माझा नंबर आपापल्या नातेवाइकांना देऊन ठेवला. कुणाचाही फोन आला की तृप्तीने धावत जाऊन त्यांना बोलावून आणायचं. एकदा ती घरात एकटी असताना पलीकडच्या सगुणाबाईंच्या माहेरून फोन आला. "बाई, त्यांना सांग, त्यांचा भाऊ गेला." तृप्ती गेली आणि नुसतंच म्हणाली, "काकू, तुमचा फोन येणारे परत." सगुणाबाई येऊन माझ्यासमोर बसल्या. अर्धा तास भावाच्याच गोष्टी सांगत हसत होत्या. तृप्ती त्यांना पाणी देत राहिली. मग मी वाजलो आणि त्यांना कळलं. पोरीचं काय चुकलं? वाईट बातमी कुणाच्या तोंडावर सांगणं तिला जमत नव्हतं, बस्स.

नव्व्याण्णव साली जयरामांच्या कंपनीला टाळं लागलं. ते भरदुपारी घरी आले, चपला काढल्या आणि दारातूनच म्हणाले, "कंपनी बंद पडली, संध्या."

"बसा आधी. चहा टाकते," संध्याबाई म्हणाल्या.

झालं, सांगून मोकळे. पुढचे अकरा महिने सोपे नव्हते. जयराम मिळेल त्या वर्कशॉपमध्ये जायचे, गावाकडून, सायखेड्याहून, भावाचं धान्य यायचं. पण घरात लपवलेलं काही नव्हतं. तृप्ती तेव्हा पंधराची. शाळेची सहल निघाली तर हिने घरी विचारलंसुद्धा नाही, मैत्रिणीला माझ्यावरूनच सांगितलं, "मला नाही आवडत गं सहली." धादांत खोटं. आपला ताप आईबापांना नको, हे तिने तेव्हाच मनाशी धरलं असावं. तिच्या वयाची पुष्कळ पोरं अशीच. दिसायला बेफिकीर, तोंडात सारखं "चिल", आणि आत सगळं दाबून ठेवलेलं. मी त्यांची बोलणी ऐकलीत, मला नका सांगू.

कॉलेजात गेल्यावर तर विचारू नका. मैत्रिणीशी बोलायची म्हणजे फरशीवर आडवी, पाय भिंतीला, वायर बोटाला गुंडाळलेली. दीड-दीड तास. माझा रिसीव्हर तापायचा. आणि सायखेड्याहून काका बोलले की "हं. हो. ठीक. आईला देते." मग सेकंडहँड कॉम्प्युटर आला. तो इंटरनेटला लागला की माझ्या नरड्यातून चिरकल्यासारखा आवाज निघायचा. संध्याबाईंनी चुकून मला उचललं की आतून तृप्ती ओरडायची, "आई, कट झालं ना!" लग्नाचा विषय निघाला की "बघू". नोकरी कुठे करणार, तर "बघू". जयराम म्हणायचे, "ह्या पिढीला एवढं सगळं मिळालं, पण ठरवता एक काही येत नाय."

सन दोन हजार सहाला ती इंजिनियर झाली आणि पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली. तिथून आमची पद्धत सुरू झाली. रोज रात्री आठला मी दोनदा वाजायचो आणि गप्प व्हायचो. दोन रिंगा म्हणजे, खोलीवर पोचले, जेवले, सगळं ठीक. उचलायचं नाही. उचललं तर तिचे पैसे जातात. सुरुवातीला पैशांचंच कारण होतं, तेही तिनेच काढलेलं. पुढे पगार वाढला, हॉटेलातलं खाणं वाढलं, तरी रिंगा दोनच राहिल्या. दोन रिंगांत बोलावं लागत नाही ना. संध्याबाईंना वाटायचं, पोरगी काटकसरी आहे. त्या आठला दोन मिनिटं असताना माझ्याजवळ येऊन बसायच्या. वाजलो की म्हणायच्या, "पोचली गं बाई." आणि कुकर लावायला जायच्या. रोज. दिवसातलं त्यांचं सगळ्यात निवांत काम असेल तर तेच.

दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत तृप्ती दोन दिवसांसाठी आली. रविवारी आईवडील सायखेड्याला लग्नाला गेले आणि ही डोकं दुखतंय म्हणून घरी राहिली. तिच्या मोबाइलला घरात रेंज येत नसे, दारात उभं राहून बोललं तर गल्ली ऐकते. म्हणून तिने मला उचललं आणि महेशला लावलं. महेश पुण्यात तिच्याच टीममध्ये होता.

"महेश, तू घरी सांगितलंस?"

"त्याच दिवशी. बाबा चिडले, आई रडली, संपलं. तू?"

"नाही अजून. पाच आठवडे झाले."

"पाच आठवडे? मग रोज करतेस काय?"

"सकाळी आवरून, डबा घेऊन लायब्ररीत जाऊन बसते. रात्री आठला घरी मिस कॉल देते."

"येडी आहेस का तू? कंपनीने आपल्यासारख्या दोनशे जणांना काढलंय, त्यात तुझी काय चूक? सांग आणि सरळ घरी जा."

"घरीच यायचंय रे मला." तिने वायर बोटाला गुंडाळली. "लय दमलेय. पण बाबांनी गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझी पोरगी अशी नि तशी. त्यांच्या तोंडाकडे बघून नाही जमत. फोनवर सांगते. मंगळवारी, आठला. आईने उचललं की लगेच बोलून टाकणार. नाही सांगता आलं तर गुडगावचं ते आहेच, त्याला हो म्हणून टाकीन."

गुडगावचं ते म्हणजे कॉल सेंटर. रात्रभर परदेशातल्या अनोळखी माणसांचे फोन उचलायचे आणि त्यांच्या तक्रारी ऐकायच्या. मी हे सगळं ऐकलं आणि महेशकडे पोचवलं. माझं काम झालं. संध्याकाळी लग्नाहून आलेल्या आईने डोक्याला बाम चोळून दिला, तेव्हा पोरगी डोळे मिटून पडली होती. तोंडाशी आलं असेल तरी बाहेर आलं नाही. सोमवारी पहाटे ती पुण्याच्या गाडीला बसली.

मंगळवार. आठला दोन मिनिटं कमी. संध्याबाई येऊन बसल्या. जयराम बनियनवर पेपर वाचत होते.

मी वाजलो. एक. दोन.

"पोचली गं बाई," संध्याबाई उठल्या.

तीन.

त्या थांबल्या. चार. जयरामांनी पेपर खाली केला. "वाजतोय अजून."

"कापायचं विसरली असेल. दमते हो ती."

पाच. सहा. "दुसऱ्या कुणाचा असला म्हणजे?"

"आठला तिचाच असतो. नका उचलू, तिचे पैसे जातील."

सात. आठ. संध्याबाईंनी हात माझ्यावर ठेवला होता. त्यांच्या बोटांना पिठाचा वास येत होता. रिसीव्हर जरासा हलला, एवढासा. मग त्यांनी तो घट्ट दाबून धरला, चुकून उचलला जाऊ नये म्हणून. नऊ. दहा. मी आणखी जोरात वाजू शकत नाही हो. माझी ताकद ठरलेली असते. अकरा. बंद.

खरं सांगतो, त्या दिवशी मला वाटलं. वाईट वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आणि त्याचं काय करायचं ते मला कळेना.

मिनिटभराने मी पुन्हा वाजलो. एक. दोन. आणि गप्प.

"बघा," संध्याबाई खूश होऊन म्हणाल्या, "आता बरोबर दिला." आणि कुकर लावायला गेल्या.

मार्चमध्ये तृप्ती गुडगावला निघाली. त्याआधी चार दिवस घरी येऊन गेली. कंपनीने बढती देऊन तिकडे पाठवलंय, असं तिने सांगितलं. ह्या वेळी मात्र बापाच्या तोंडाकडे बघून सांगता आलं, कारण ते खोटं होतं. जयरामांनी गल्लीत पेढे वाटले. सगुणाबाईंनी तिची दृष्ट काढली. महेशचा एकदा फोन आला तर ती म्हणाली, "ठीक आहे रे. चालतंय." आवाजात काहीच नव्हतं. दुःखसुद्धा नव्हतं. असा आवाज माझ्यातून पुष्कळदा जातो, हल्लीच्या पोरांचा.

निघायच्या दिवशी चिवड्याचे पुडे बॅगेत भरता भरता संध्याबाईंना आठवलं.

"अगं, मागे त्या मंगळवारी लय वेळ वाजवलास गं. अकरा रिंगा! तुझे बाबा तर उचलायलाच निघाले होते. मी म्हटलं, हात लावायचा नाय. पोरीचे पैसे वाचवले बघ."

आई एवढी अभिमानाने सांगत होती. तृप्ती बॅगेची चेन लावत होती. चेन अडकली, तिने ती मागे घेतली, परत लावली.

"बरं केलंस, आई," ती म्हणाली.

त्यानंतर वर्ष संपायच्या आत माझी वायर काढली. संध्याबाईंकडे मोबाइल आला, आता त्याच्यावर दोन रिंगा येतात. पण ती रात्रपाळीला असते म्हणून सकाळी. मी माळ्यावर आहे, बिघडलेल्या मिक्सरशेजारी. त्रास काही नाही. संध्याबाईंना अजून काही माहीत नाही, आणि त्यांना सांगायला मला आता वायरच नाही; तुमच्याशी बोलतोय तोही बिनवायरचाच.

तुमच्या घरीही असंच काहीतरी ठरलेलं असेल, दोन रिंगांचं नाही तर आणखी कसलं. असू द्या, वाईट नाही. पण कधी तुमच्या पोराचा फोन ठरल्यापेक्षा जास्त वाजायला लागला, तर जाऊ द्या त्याचे पैसे. उचला.