रिजेक्टचा पंच

राग माझ्या नाकावरच असतो. रविवारी शरणपूरच्या चर्चमध्ये पोरांना शिकवायचो की माणूस देवाच्या रूपात घडलाय, आणि सोमवारी सातपूरच्या वर्कशॉपमध्ये शिवीशिवाय तोंड उघडायचो नाही.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. आठवडाभर पितळी बुश, म्हणजे यंत्रात बसवायच्या कड्या, गायब होत होते आणि सगळ्यांची नजर माझ्यावर होती. चोर म्हणून नुसतं बघितलेलंसुद्धा किती झोंबतं! त्यामुळे भंगार वेचणारा पुंजा भरदुपारी पोत्यात बुश भरून नेताना सापडला, तेव्हा पहिला ठोसा माझाच. दुसराही माझाच. त्याचे दोन दात फरशीवर पडले आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग सगळ्यांनीच हात धुऊन घेतले. पट्टे, पाइप, लाथा. पुंजाचा एक डोळा मिटला, ओरडणंही थांबलं. शेवटी मालक सहादूशेठ म्हणाले, "याच्या कपाळावर 'आर' ठोका. जन्मभर दिसू दे लोकांना."

खराब निघालेल्या नगावर आम्ही रिजेक्टचा 'आर' उठवायचो. पोलादी पंच टेकवायचा, वरून हातोडीचा एक घाव. ते काम माझं. दोघांनी पुंजाचं डोकं बाकावर दाबून धरलं. मी पंच टेकवला. त्याचा उघडा डोळा माझ्याकडेच बघत होता. मी पंच उचलला.

"शेठ, गिऱ्हाइकाचा माल आपण रिजेक्ट करतो का?" मी म्हणालो. "ज्याचा माल, त्यानं ठरवायचं. हा काय आपण घडवलेला नाय."

"मग कुणी घडवला?"

"देवानं. स्वतःसारखा."

सगळे खो खो हसले. "गोटीराम, उपदेश रविवारी कर," म्हणत शेठनी माझ्या हातातून पंच आणि हातोडी हिसकावून घेतली. पंच पुन्हा कपाळावर टेकला, हातोडी वर गेली. मला दुसरं काही सुचलंच नाही. मी पंचाखाली तळहात घातला. हाड मोडल्याचा आवाज ऐकला आणि गुरासारखा ओरडलो.

रक्त बघून सगळे मागे सरले. पुंजाला आता कुणी धरलेलं नव्हतं. दार उघडं होतं, त्यानं पळायला हवं होतं. पण तो सरपटत माझ्याजवळ आला, अंगातला फाटका सदरा काढून माझ्या हाताला गुंडाळायला लागला. सुजलेल्या तोंडानं म्हणाला, "बोटं हालतात का, भाऊ? लय लागलं का?"

ज्या तोंडावर मी नेम धरून ठोसे मारले होते, त्या तोंडाकडे मला मान वर करून बघवेना.