दाखवणारा हात

आयुष्यात एकाही वाटसरूला आपण चुकीचा रस्ता सांगितला नाही, असं कल्याणराव मिटकरी छातीवर हात ठेवून सांगत. ते खोटं म्हणता येणार नाही. ज्यांना त्यांनी रस्ता सांगितला, त्यांच्यापैकी एकही जण तक्रार करायला परत आलेला नव्हता.

आताही ते वडवणीच्या बसस्टँडसमोर, आपल्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर उभे होते आणि समोर एक गोरी बाई उभी होती. बाजाराचा दिवस. मेथीच्या जुड्या, दोरीनं ओढल्या जाणाऱ्या शेळ्या आणि भजी खात उभी असलेली माणसं ओलांडून ती नेमकी आपल्याकडे आली, याचं कल्याणरावांना नवल वाटलं नाही. लोक येतच असत. तिच्या पाठीवर डोक्याच्याही वर गेलेली बॅग होती. मोबाइल बंद पडल्याचं तिनं दाखवलं आणि तळहात पुढे केला. त्यावर कुणीतरी बॉलपेननं ‘अंबाजोगाई’ लिहून दिलं होतं.

कल्याणराव बी.कॉम. होते. इंग्रजी समजायचं, बोलायची वेळ आली की ‘यस’ आणि ‘हंड्रेड परसेंट’ एवढ्यावर भागवत. त्यांना जे समजलं ते असं : बाईचं नाव मार्ता, गाव पोलंडमध्ये. इस्तंबूलहून निघाली होती आणि अख्खा आशिया बसनंच पार करत कन्याकुमारीला पोचायचं, असं तिनं ठरवलं होतं. विमान नाही, रेल्वे नाही. इराणात एका बसमध्ये शेजारी हेन्क नावाचा म्हातारा बसला, तेव्हापासून दोघं सोबत. ती वेरूळला रेंगाळली, तो पुढे आला आणि आता जुलाब-तापानं अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात पडून होता. बीडमध्ये लोकांनी तिला परळीच्या गाडीत बसवलं होतं. त्या गाडीतल्या लोकांनी, इथून डायरेक्ट मिळेल म्हणून, तिला वडवणीला उतरवलं होतं. सगळ्यांचा हेतू चांगलाच होता.

“ओल्ड मॅन. अलोन,” ती म्हणाली आणि डोळे पुसले.

आता इथे थोडं सांगायला हवं. आमच्या भागात रस्ता विचारणाऱ्याला ‘माहीत नाही’ म्हणणं म्हणजे दारात आलेल्याला पाणी नाही म्हणण्यासारखं आहे. माणूस उन्हातान्हातून आला, आपल्याला विचारण्याजोगं समजला, आणि आपण त्याला रिकाम्या हातानं पाठवायचं? त्यातून कल्याणराव स्वतः कुठेच जात नसत. त्यांना गाडी लागायची. लग्नकार्याला सोलापूरला गेले होते, तेव्हा अर्ध्या रस्त्यात वऱ्हाड थांबवावं लागलं होतं. त्यामुळे रस्ते त्यांना फक्त सांगण्यापुरते माहीत होते.

स्टँडवर एक लाल गाडी सुटायच्या बेतात घुरघुरत होती. गाडीवरची पाटी कल्याणरावांना पांढऱ्या डागासारखी दिसली. लांबचा चष्मा आत झेरॉक्स मशीनवर राहिला होता. जवळचं बघताना ते तो काढून ठेवत. आत जाऊन आणायचा तर गाडी सुटली असती, आणि म्हातारा तिकडे एकटा होता. त्यांनी हात लांब केला.

“ही. डायरेक्ट. गो.”

“शुअर?”

“हंड्रेड परसेंट.”

ती हात जोडून गाडीच्या दिशेनं पळाली. तेवढ्यात एकाला आधार कार्डाच्या दोन्ही बाजू एकाच कागदावर हव्या होत्या, म्हणून कल्याणराव आत गेले. बाहेर आले तेव्हा गाडी नव्हती आणि बाईही नव्हती. त्यांना फार बरं वाटलं.

हे बरं वाटणं शेजारच्या बबनरावांच्या हॉटेलात चहा येईपर्यंत टिकलं.

“कोन होती बे ती?” बबनरावांनी विचारलं.

“पोलंडची हाय. तिचा मानूस अंबाजोगाईला दवाखान्यात हाय. आत्ताच्या गाडीत बसवून दिली.”

“आत्ताच्या?” बबनरावांनी गाळणी आपटली. “ती माजलगावची गाडी होती की! अंबाजोगाईची तिच्या मागं आली अन् ती बी गेली.”

“न्हाई, न्हाई.”

“अरे, माझा साडू बसलाय माजलगावच्या गाडीत. त्याला काय मी अंबाजोगाईला धाडला?” मग कल्याणरावांचा चेहरा बघून ते नरमले. “जाऊ दे बे. फिरायलाच आली ना ती? माजलगाव बी बघंल.”

कल्याणरावांना चहा गेला नाही. माजलगावच्या स्टँडवर तळहात पुढे करून फिरणारी ती बाई त्यांना दिसायला लागली. तिथेही पायऱ्यांवर माणसं असणार. ती माणसंही ठामच असणार. आणि इकडे म्हातारा दाराकडे डोळे लावून. त्याचं काही कमीजास्त झालं तर ती पोर जन्मभर कुणाला दोष देईल?

माजलगावला जाऊन ती सापडणार नव्हती. निदान म्हाताऱ्याला सांगावं, की ती निघाली आहे, उशीर माझ्यामुळे झाला, मला माफ करा. कल्याणरावांनी बबनरावांना दुकानावर लक्ष ठेवायला सांगितलं, खिशात लिंबू टाकलं आणि अंबाजोगाईची पुढची गाडी आली तेव्हा कंडक्टरला चार वेळा विचारून चढले.

“तुमीच का विचारायलात?” कंडक्टर म्हणाला. “रोज तर लोकान्ला तुमीच सांगता.”

गाडीत शेजारी एक साठीची बाई होती. मांडीवर जुन्या लुगड्याचं गाठोडं. तेलगाव मागे पडलं तसा बायकोचा, शिवकांताबाईंचा, फोन आला.

“डबा घेऊन आले तर दुकानात बबनभाऊजी! कुठं हाव तुमी?”

“बशीत. अंबाजोगाईला चाललो.”

“तुमी? बशीत? कावून? कोन गेलं?”

“कोनी न्हाई गेलं. आल्यावर सांगतो.”

“चष्मा तर हितं मशीनवर पडलाय! तुमाला तिथं दिसनार काय?”

कल्याणरावांनी फोन ठेवला. धारूरचा घाट सुरू झाला होता आणि त्यांना लिंबू बाहेर काढणं भाग होतं. शेजारच्या बाईनं पदराच्या गाठीतून चिंचेचं बोटूक दिलं.

“चघळा. लिंबानं काय व्हत न्हाई. आमी टरकात भांड्याकुंड्यांवर बसून कर्नाटकात जातो, तवा हीच चिंच.”

तिचं नाव चंद्रभागाबाई. दरसाल ऊसतोडीला जाणारी. सगळी हयात अशीच, सहा महिने घर पाठीवर आणि सहा महिने घरात. आता लेक सुनिता अंबाजोगाईला बाळंतपणासाठी भरती होती. सकाळी जावयाचा फोन आला होता, अवघड आहे म्हणून. तिला अक्षरओळख नव्हती, आणि ती पहिल्यांदाच एकटी एवढ्या मोठ्या दवाखान्यात चालली होती.

“तुमचं कोन हाय दवाखान्यात?” तिनं विचारलं.

बहुधा घाटामुळे, कल्याणरावांनी खरं सांगितलं. गोरी बाई, पाठीवरची बॅग, आशिया, म्हातारा, माजलगाव. चंद्रभागाबाई मन लावून ऐकत होती.

“एवढं वझं पाठीवर घिऊन फिरती?” ती म्हणाली. “मुकादम कोन हाय तिचा?”

“मुकादम न्हाई. हौसेनं फिरती.”

“हौसेनं!” चंद्रभागाबाईनं खिडकीबाहेर बघत हा शब्द जरा वेळ तसाच ठेवला. “बरं हाय बाई.”

मग ती म्हणाली, “आमाला बी असंच झालतं. बेळगावाकडं. टरकवाल्यानं फाट्यावर उतरवलं, म्हनला, कारखाना जवळच हाय. एक मानूस उभा व्हता. धोतर, कोट, चांगला शिकल्याला वाटला. त्याला विचारलं. त्यानं असा हात केला.” तिनं हात लांब केला. “आमी त्या हातामागं दिसभर चाललो. भांडी, कोयते, अन् काखेत सुनिता, तापानं फणफणल्याली. शेवटी एक गुराखी भेटला, म्हनला, कारखाना तर उलट्या अंगाला.”

“मग?”

“मग काय. परत फिरलो.”

“पोरगी?”

“वाचली की. तिच्याच बाळंतपणाला तर चालले. पन तवापासून एका कानानं ऐकू येत न्हाई.” ती गाठोड्याची गाठ सोडून परत बांधायला लागली. “त्या मानसाचं तोंड ध्यानात न्हाई माझ्या. हात ध्यानात हाय. अंगठी व्हती बोटात.”

कल्याणरावांनी आपला उजवा हात खिशात घातला. त्याच्या बोटातही अंगठी होती, लग्नातली. आडस आलं, गेलं, तरी तो हात त्यांनी बाहेर काढला नाही. पुढे एकदा गाडीनं करकचून ब्रेक मारला, तेव्हा त्यांचं डोकं समोरच्या दांडीवर आपटलं. तेही त्यांना योग्यच वाटलं.

अंबाजोगाईला उतरल्याबरोबर ते रिक्षात बसले. म्हाताऱ्यापर्यंत लवकर पोचून माफी मागायची, या घाईत चंद्रभागाबाईला सोबत घ्यायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आलं तेव्हा रिक्षा दवाखान्याच्या फाटकातून आत शिरत होती.

गोरा म्हातारा कुठे आहे हे दवाखान्यात सगळ्यांनाच माहीत होतं. पुरुषांच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर तो होता. सलाइन चालू होतं. आजूबाजूच्या रुग्णांचे नातेवाईक त्याच्याभोवती गोळा झाले होते आणि कुणीतरी त्याला घरचा मऊ भात आणून दिला होता. हेन्क हॉलंडमधला निवृत्त बसड्रायव्हर होता. सगळा जन्म एकाच मार्गावर बस चालवली, म्हणून आता तो दुसऱ्यांनी चालवलेल्या बसमध्ये बसून जग बघत होता.

आणि त्याच्या उशाशी स्टुलावर बसून मार्ता मोसंबं सोलत होती.

कल्याणराव दारातच थांबले. आधी त्यांना वाटलं, चष्मा नाही म्हणून असं दिसतंय. मग ते जवळ गेले. तीच होती. तिनं त्यांच्याकडे बघितलं, सगळ्यांकडे बघून हसत होती तशी हसली, आणि एक फोड पुढे केली. तिनं त्यांना ओळखलं नव्हतं.

सलाइन बघायला आलेल्या सिस्टरचं नाव वर्षाराणी होतं. तिचं इंग्रजी चांगलं होतं.

“सिस्टर,” कल्याणराव हळूच म्हणाले, “ही बाई वडवणीवरून बरोबर कशी आली, तेवढं विचारता का?”

“तुम्ही कोण यांचे?”

कल्याणरावांनी विचार केला. “कोणी नाही.”

वर्षाराणीनं विचारलं. मार्ता उत्साहानं बोलायला लागली, मधूनच हातवारे, हेन्कही झोपल्या झोपल्या हसला. वर्षाराणीला हसू आवरेना.

“ती म्हणते, तुमच्याकडची माणसं फार प्रेमळ आहेत. कुणीच नाही म्हणत नाही. म्हणून ती एकाला विचारून कधी गाडीत बसतच नाही. पाच जणांना विचारते आणि जिकडे जास्त हात होतात तिकडे जाते. इराणपासून असंच करत आली. बीडलाही तसंच केलं. वडवणीत चौघांनी मागची गाडी दाखवली, एकानं पुढची.”

“अन् तो एक?”

वर्षाराणीनं विचारलं. मार्तानं छाती पुढे काढली, हात लांब केला आणि आवाज जाड करून म्हणाली, “हंड्रेड परसेंट!” वॉर्डातले सगळे हसले. नातेवाईकही हसले.

“ती म्हणते, तो इतका ठाम होता, की तिला तेव्हाच शंका आली.”

कल्याणरावही हसले. हसायला हवं होतं. माफीचं वाक्य त्यांनी वाटेत दोन-तीनदा जुळवलं होतं, इंग्रजीतसुद्धा. ते आता कुणाला द्यायचं हे कळेना. ज्याच्यासाठी माफी मागायची तो गुन्हा झालाच नव्हता. आणि झाला नव्हता तो केवळ त्यांच्या शब्दाला कुणी किंमत दिली नाही म्हणून. तरीही खिशातल्या हाताला काही केल्या हलकं वाटेना. त्यांनी मोसंब्याची फोड खाल्ली, हेन्कच्या पायाला हात लावून “गेट वेल” म्हटलं आणि निघाले.

खाली उतरताना ते वाट चुकले आणि भलत्याच दारानं बाहेर पडले. तिथल्या पायरीवर उन्हात जरा उभे राहिले. आपण आता कुणालाच रस्ता सांगायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. ठरवल्यावर बरं वाटलं. त्या दिवसातलं हे दुसरं बरं वाटणं.

आवारातून गाठोडं घेतलेली चंद्रभागाबाई येत होती. स्टँडवरून चालत आली होती. त्यांना बघून तिचा चेहरा उजळला.

“बरं झालं, वळखीचं भेटलं! भाऊ, बाळंतीन बाया कुठं ठिवत्यात हो? जावायाचा फोन लागंना.”

कल्याणरावांचा उजवा हात खिशातल्या खिशात हलला. त्यांनी तो तसाच दाबून धरला.

“मला माहीत न्हाई, बाई,” ते म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. चंद्रभागाबाईनं मान हलवली. तिच्या नजरेत राग नव्हता. उलट कौतुकच असावं, असं कल्याणरावांना वाटलं. चष्म्याशिवाय नक्की सांगता येत नव्हतं.

पलीकडे झाडाखाली एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. तिनं त्यांना विचारलं. त्यांनी वर्तमानपत्रातून डोळेही न काढता हात लांब केला, आवाराच्या पार दुसऱ्या टोकाकडे. चंद्रभागाबाई गाठोडं सावरत त्या हाताच्या दिशेनं भराभर चालायला लागली.

कल्याणराव ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. ते ज्या दारात उभे होते, त्याच्यावर हातभर मोठ्या अक्षरांत ‘प्रसूती विभाग’ असं लिहिलेलं होतं.