नेच्याचा पत्ता

हे मी लिहिणारच नव्हतो. तीनदा कागद चुलीत घातला.

शहरातल्या वनस्पतितज्ज्ञ थर्लोसाहेबांचं पत्र आलं तेव्हा जेबेझ मागावर होता. खोकत खोकत विणत होता. आमच्या लँकशायरच्या टेकड्यांतलं एकूण एक झाड त्याला नावानं ठाऊक, पण अक्षरओळख नाही. म्हणून पत्रं मी लिहायचो, मीच वाचायचो. नऊ वर्षं. दोघं कधी भेटले नाहीत, पण साहेबांचं पत्र आलं की जेबेझ दिवसभर शीळ घालायचा.

आज शीळ नव्हती. घळीत त्याला सापडलेला दुर्मीळ नेचा साहेबांनी मासिकात छापला होता, जागेसकट. शहरातले नेच्यांचे शौकीन आगगाडीनं आले, विकणारे पोती घेऊन आले. पंधरा दिवसांत खडक बोडका.

आमच्यात, झाडं हुडकणाऱ्या विणकरांत, एक रीत आहे. दुर्मीळ झाड सापडलं तर जागा कागदावर उतरवायची नाही. कुणासाठीच नाही.

"वाच रे रूबन."

मी वाचलं. साहेबांना वाईट वाटलं होतं. काही उरलंय का, असं विचारलं होतं. मधली एक ओळ मी गाळली: 'जागा तुम्हीच कळवलीत, म्हणून मला वाटलं छापायला हरकत नसावी.'

ती जागा मी कळवली होती. जेबेझचा मजकूर संपल्यावर, खाली, माझ्या मनानं. पुढच्या ओळीत माझं नाव. तेही छापून येईल, एवढंच डोक्यात होतं. आलं नाही.

"आवाज का बसला तुझा? खोकला मला, घसा तुझा?"

"काही नाही."

"मी रोप पाठवलं ना त्याला, त्याच्या मुळांची माती बघून त्यानं जागा ओळखली असणार. हुशार माणूस. मीच गाढव." त्यानं माग थांबवला. "लिही. एकही उरला नाही. आणि यापुढे पत्र पाठवू नका."

"जेबेझ, नऊ वर्षांची दोस्ती..."

"लिही म्हटलं ना."

लिहिलं. टपालात टाकलं.

रविवारी तो मला वरच्या ओढ्याकडे घेऊन गेला. दर दहा पावलांना बसत होता. एका कपारीपाशी पालथा पडला, मलाही खाली ओढलं. आत, ओल्या काळोखात, त्याच नेच्याचा एक झुबका. हाताच्या पंजाएवढा.

"हा शेवटचा. मी काही उन्हाळ्यापर्यंत टिकत नाही. तुझ्याशिवाय सांगणार कुणाला?"

मी तोंड उघडलं. तो माझ्याकडे बघत होता, कपाळाला चिखल लागलेला, खूश.

"कुणाला सांगणार नाहीस ना?"

"नाही सांगणार, जेबेझ," मी म्हणालो. "शब्द देतो."