जावईबापूंची टाकी

१९८४ साली, आई गेल्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, माशांच्या टाकीचा डावा कोपरा गळू लागला. निमित्त धाकट्याचं. आईचं कपाट दुसऱ्या खोलीत न्यायचं होतं, ते त्याने एकट्याने ओढायचा पराक्रम केला आणि कपाटाची कड टाकीला लागली. काच शाबूत राहिली, सांधा सुटला.

थोरलीने धावत जाऊन टाकीतला एकुलता एक मासा टबात काढला. सोनेरी, पोट सुटलेला, नऊ वर्षांचा. आईने त्याचं नाव जावईबापू ठेवलं होतं. दिवसभर बसून राहायचं, वेळेवर खायचं आणि पाणी बदलायला जरा उशीर झाला की तोंड फिरवायचं, म्हणून. "खरा येईपर्यंत याचंच कौतुक करू," असं ती थोरलीकडे बघून म्हणायची. खरा काही आला नव्हता, आणि थोरलीला बत्तिसावं लागलं होतं.

"नवी टाकी आणतो," धाकटा म्हणाला. "ही जुनाट झालीय."

"जुनाट तर मीही झालोय," बाबा म्हणाले. "माझ्याऐवजीही एक नवा आण."

सव्वादोन महिन्यांत ते एवढं बोलले नव्हते.

बाबा काचवाले. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या खिडक्यांना काचा बसवल्या होत्या आणि ही टाकीही आईसाठी त्यांनीच बनवली होती. पण आई गेल्यापासून दुकान बंद होतं, ताट अर्धं परत जायचं, आणि हात असे थरथरायचे की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे. तिकडे जावईबापूही टबाच्या कडेला पडून होते. आईने वाढवलेलं, जिवंत असं घरात तेवढंच उरलं होतं. हा मासा गेला तर बाबा काही उठायचे नाहीत, असं थोरलीच्या मनाने घेतलं होतं.

रविवारी सकाळी बाबांनी बाह्या सरसावल्या. काच सांधणाऱ्या जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही, म्हणून आतल्या सगळ्या सांध्यांतलं त्यांनी पातळ सुरीने सोलून काढलं. स्पिरिटने काच पुसली, सांध्याच्या दोन्ही बाजूंना कागदी पट्ट्या चिकटवल्या. थोरली हाताशी होती.

"काचेला बोटं लावू नकोस म्हटलं ना?"

"नाही लावली."

"मग हा अंगठा कोणाचा? जावईबापूंचा?"

थोरली हसली. तिने तो ठसा स्पिरिटने पुसून टाकला.

सिलिकॉनची गन हातात आली आणि थरथर थांबली. पांढरी रेघ सांध्यातून सरळ उतरली. "वाटी," बाबा म्हणाले. तिने वाटी पुढे केली. त्यांनी बोट बुडवलं आणि रेघेवरून एका दमात फिरवलं. उभा सांधा, कोपरा, तळाचा सांधा. बोट कुठे म्हणून अडलं नाही.

त्या दिवशी बाबा दोन्ही वेळा पोटभर जेवले.

सोमवारी थोरलीने ती वाटी घासायला घेतली, पाणी घातलं, आणि वाटीत फेस आला. तिने वाटी तशीच खाली ठेवली.

खिडकीचं काम करताना बोट साबणाच्या पाण्यात बुडवायचं, म्हणजे सिलिकॉन बोटाला चिकटत नाही. खिडकीचं साबणाने काय बिघडणार! पण माशांना साबण म्हणजे विष. आई टाकीत हात घालण्याआधी कोपरापर्यंत तीनदा नुसत्या पाण्याने धुवायची. लहानपणी धाकट्याने टाकीतले गोटे साबणाने लख्ख करून ठेवले, तर संध्याकाळपर्यंत सात मासे उलटे तरंगले होते. घरात हे कोणाला माहीत नव्हतं? तरी बाबांनी वाटी मागितली आणि तिने साबणाचा तुकडा टाकूनच ती भरली. कित्येक वर्षं दुकानात वाटी आणायचं काम तिचंच, आणि वाटी म्हणजे साबणाचीच. त्यांनी बोट बुडवलं, तेही हाताच्या सवयीने.

सांगायचं तर कसं? आणि नाही सांगायचं तर जावईबापूंना मरायला सोडायचं?

मंगळवारी धाकटा बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. थोरलीने दाराला कडी लावली. बाबांची सगळी रेघ सुरीने उचलली, काच पाण्याने धुतली, सुकवून स्पिरिटने पुसली, पट्ट्या लावल्या, गन धरली. बोट नुसत्या पाण्यात बुडवलं. सिलिकॉन बोटाला चिकटत होतं. एका कोपऱ्यात बोट अडलं आणि तिथे डाळीच्या दाण्याएवढा फुगवटा राहिला.

बाबा घरात आले ते दारातच थांबले. सिलिकॉनचा आंबट वास रविवारपेक्षा ताजा होता. ते टाकीवर वाकले.

"हा माझा हात नाही."

"वाटीत साबण होता, बाबा. मीच टाकला होता."

धाकटा काही बोलणार होता. पण बाबांचा चेहरा बघून तो स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला, आणि बराच वेळ पाणीच पीत राहिला.

"तू टाकलास. बोट मी बुडवलं," बाबा म्हणाले. "मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही परवा दोन्ही वेळा जेवलात."

बाबा खुर्चीवर बसले. हात पुन्हा थरथरू लागले होते, ते त्यांनी मांडीवर ठेवले. मग म्हणाले, "कोपऱ्यात थांबलीस. कोपऱ्यात थांबायचं नाही, बोट तसंच वळवायचं. उद्या दुकान उघड. दाखवतो."

आठ दिवसांनी टाकी वर्तमानपत्रावर ठेवून भरली. तीन दिवस कागद कोरडा राहिला. मग बाबांनी दोन्ही हात कोपरापर्यंत तीनदा नुसत्या पाण्याने धुतले आणि जावईबापूंना ओंजळीतून आत सोडलं. मासा तळाला गेला आणि हलेना. तिघं उभी. बऱ्याच वेळाने तो वर आला, एक चक्कर मारली, आणि सगळ्यांकडे पाठ करून बसला.

"रुसलाय," बाबा म्हणाले. "म्हणजे ठीक आहे."

जावईबापू त्यानंतर चार वर्षं जगले. बाबांनी गन पुन्हा हातात धरली नाही. स्टुलावर बसून ते थोरलीला शिकवत, ओरडत, आणि गिऱ्हाइकांना सांगत की हिचं बोट माझ्यापेक्षा सरळ चालतं. ते १९९१ साली गेले. धाकट्याने स्वतःचं घर घेतलं. जड सामान हलवायचं झालं की तो अजूनही चार माणसं बोलावतो. थोरलीने गुडघे साथ देत होते तोवर दुकान चालवलं. लग्न केलं नाही. आईला जावई मिळाला तो तेवढाच. टाकी आता धाकट्याच्या मुलीकडे आहे. तिने कोपऱ्यातला तो फुगवटा कापून नीट करू का म्हणून विचारलं होतं. थोरली म्हणाली, गळत नाही ना? मग राहू दे.