पाहुण्याचं हाड

कुंपणावर मेंढीची ओली कातडी वाळत घातली होती. तिच्या कानातला निळा बिल्ला पाहून सायकाल तशीच भावाकडे वळली.

"निळ्या बिल्ल्याची का कापलीस?"

तिचा भाऊ मेदेर सुरी पुसत होता. "ताई, तुझे आगाय, तुझे मास्तर, पहिल्यांदा दारात आलेत. त्यांना काय हाडकुळी घालू? तुझ्या प्रयोगाच्या मेंढ्या संस्थेचा खुराक खाऊन माजल्यात. आमच्या नुसत्या बघून झुरतात."

त्या मेंढीच्या मागच्या पायाच्या हाडात सायकालने तीन वर्षांपूर्वी सिरॅमिकची पांढरी चकती बसवली होती. हाड तिला धरतं का, ते पाहायचं होतं. बाकीच्यांच्या चकत्या निसटल्या होत्या. आशा होती ती हिच्यावर. आता ती कढईत शिजत होती.

आणि सिरॅमिक अशिम्बाय आगायांचं होतं. बिश्केकच्या प्रयोगशाळेत त्यांनी ते अंतराळयानाच्या कवचासाठी घडवलं होतं. पुढे देश मोडला, पगार आटले. त्यांच्या हाताखाली काम करणारी सायकाल तेव्हा आई आजारी आहे असं सांगून निघाली, ती थेट जीवशास्त्रवाल्यांच्या संस्थेत गेली. जाताना सिरॅमिकची कृती नेली. आपल्या शोधनिबंधांत आगायांचं नाव मात्र कुठेच घातलं नाही.

आई तेव्हा ठणठणीत होती. आत्ताही ती जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानापाशी बसून आगायांना चहा ओतत होती. आगायांनी आपुलकीने चौकशी केली, आता प्रकृती कशी आहे, लेकीने केवढी सेवा केली तुमची.

"माझी सेवा? मला काय धाड भरलीय?" आई म्हणाली.

सायकाल खाली मान घालून नान मोडत राहिली.

मानाच्या पाहुण्याला नळीचं हाड द्यायचं आणि पाहुण्याने त्यावर मांसाचा कण ठेवायचा नाही, ही रीत. मेदेर वाढत होता. दुसऱ्या पायाचं येऊ दे, असं सायकाल मनात म्हणत होती. आगाय निगुतीने हाड सोलत गेले आणि एका जागी चाकूचं पातं खरकन् वाजलं.

मेदेर म्हणाला, खडा दिसतोय, काढून टाकतो. आगायांनी हात आडवा धरला. चष्मा पुसला. चाकूच्या टोकाने चकती उचकटून पाहिली, हलेना. मग नखाने कड शोधली. कडच नव्हती, हाड तिच्यात शिरलं होतं.

"धातूला कधी चिकटलं नाही हे," ते हळूच म्हणाले. "भट्टीतून काढलं की सालपटासारखं सुटायचं. आठवतं ना?"

"आगाय, मी तुम्हाला..."

"जेव आधी. गार होतंय."

निघताना पाहुण्याने आपल्या वाट्यातलं घरच्यांसाठी न्यायचं असतं. आगायांनी त्या हाडासाठी पिशवी मागितली. त्यांची बायको कधीच गेली होती, घरी खाणारं कुणी नव्हतं, हाडावर मांसही उरलं नव्हतं. मेदेर वर थोडं मटण घालू लागला, तर नको म्हणाले.

ते हाड मला हवंय, तीन वर्षांचा तोच एक पुरावा आहे, एवढंच सायकालला म्हणायचं होतं. पण तिने दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे पिशवी उघडून धरली.