थोरलीचा बायोडेटा, बाबांची क्रियापदं

थोरलीने बायोडेटा पुढे ठेवला. बाबांनी चष्मा पुसून तो वाचला आणि विचारलं, "हे काय, वाणसामानाची यादी आहे का?"

बाबा वर्तमानपत्रात उपसंपादक होते. सगळी नोकरी मथळे देण्यात गेलेली. निवृत्तीनंतरही हात शिवशिवत. थोरली एका छोट्या नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळायची. ती कंपनी या मोसमानंतर बंद होणार होती. मोठ्या नाट्यगृहात कपडेपटप्रमुखाची जागा निघाली होती आणि थोरलीचा सगळा जीव त्या जागेत अडकला होता.

"'कपड्यांचे काम केले. इस्त्रीचे काम पाहिले. शिंप्यांना मदत केली.'" बाबांनी मोठ्याने वाचलं. "अगं, समोरच्याला जांभई येईल!"

"मग काय लिहू? 'इस्त्रीने रंगभूमी हादरवली'?"

"चेष्टा पुरे. लिही, 'पोशाख घडवले. खर्चाला लगाम घातला. शिंप्यांचा तिढा सोडवला.'"

"दोनच शिंपी होते, बाबा. कात्रीवरून भांडायचे."

"तिढा तो तिढा. मथळ्यात कोणी शिंपी मोजत नाही."

आई शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "लग्नाआधी यांनी स्वतःची माहितीही अशीच पाठवली होती. 'घरकामात हिरिरीने भाग घेतो.' मी अजून वाट बघतेय."

बाबांनी ते ऐकलंच नाही. "आणि कपडेपटात पाणी शिरलं होतं ते? पार दमून आली होतीस. लिही, 'ऐतिहासिक नाटकाचे पोशाख पाण्यातून वाचवले.'"

थोरली घुटमळली. "ते राहू द्या ना."

"का? 'वाचवले' हाच तर सगळ्यात वजनदार शब्द आहे."

जागा कमी पडली की कोणी, कसं, का हे मथळ्यातून गाळायचं, ही बाबांची जुनी सवय. तपशील खाली बातमीत येतोच. बायोडेट्याखाली बातमी नसते, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही.

मुलाखतीला नाट्यगृहाच्या व्यवस्थापक बाई एकट्याच होत्या. त्यांचं बोट नेमकं त्याच ओळीवर थांबलं.

"पाणी आलं कुठून?"

'पाइप फुटला' असं सांगून मोकळं होता आलं असतं. पण थोरली म्हणाली, "कापड रंगवायचा टब भरायला लावला आणि नळ तसाच ठेवून मी चहाला गेले."

"म्हणजे बुडवलेतही तुम्हीच."

"हो. वाचवले त्यानंतर."

बाई हसल्या नाहीत. "मखमल कशी सुकवलीत?"

आता थोरलीची जीभ सुटली. उन्हात नाही, सावलीत टांगली. इस्त्रीला कोणाला हात लावू दिला नाही. लव ओली असतानाच मऊ ब्रशने उभी केली. यातला एकही शब्द बायोडेट्यात नव्हता. बाई लिहून घेत होत्या.

घरी बाबा दारातच उभे होते. "काय झालं?"

"सोमवारपासून बोलावलंय."

"बघितलंस! क्रियापदांनी किल्ला सर केला की नाही?"

"केला ना," थोरली चपला काढत म्हणाली. "फक्त रंगाच्या खोलीची किल्ली सध्या व्यवस्थापक बाई स्वतःकडे ठेवणार आहेत. नळ तिथेच आहे म्हणून."

"नळाचा काय संबंध?" बाबांनी विचारलं.

आत आई खुदकन हसली. तिला ती गोष्ट पाणी शिरलं त्याच दिवशी कळली होती.