हार्डली

मारेगावच्या पलीकडच्या उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून रुजू होऊन वैष्णवीला आठ महिने झाले होते. मंगळवारी सकाळी गावातली ममता आपल्या तीन वर्षांच्या सोनूला कडेवर घेऊन धावतच आली. पोराला धाप लागली होती. दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता.

वैष्णवीनं तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना घाईघाईनं इंग्रजीत मेसेज टाइप केला. 'चाइल्ड ब्रीदिंग हार्ड.' पाठवता पाठवता अंगठा अडखळला. शाळेत सरांनी घोकून घेतलं होतं, क्रिया कशी होते ते सांगायचं तर शब्दाला 'ली' लावा. स्लोचं स्लोली, क्विकचं क्विकली. तिनं 'हार्ड'चं 'हार्डली' केलं आणि पाठवून दिलं.

दवाखान्याची गाडी वीस मिनिटांत दारात. सोनू वेळेत पोचला, संध्याकाळी तर बिस्कीट मागू लागला.

गुरुवारच्या मीटिंगनंतर डॉक्टरांनी तिला थांबवून घेतलं. "हार्डली म्हणजे जेमतेम. मला वाटलं, पोरगा श्वासच घेत नाहीये. जोरानं श्वास घेतोय असं सांगायचं तर नुसतं हार्ड. त्याला ली लागत नाही." ते रागावले नव्हते. तरी तिचे कान तापले.

बाहेर गाडीचा ड्रायव्हर पूनमसिंग उभा होता. तो सहज म्हणाला, "म्या तं त्या दिवशी रुखमाबाईच्या वावरापाशी पोचलोच होतो, मॅडम. म्हातारी बांधावरून पडली, पाय मोडला. तेवढ्यात फोन आला, गाडी फिरवा. मंग तिले अडीच घंटे बसा लागलं उन्हात."

त्या दिवसापासून वैष्णवीचं जेवणात लक्ष लागेना. येता-जाता मोबाइल उघडून ती आपले जुने मेसेज चाळी. मार्चमध्ये एका बाळंतिणीबद्दल लिहिलं होतं, 'केम लेटली'. म्हणायचं होतं, उशिरा आली. अर्थ निघत होता, अलीकडेच आली. आणखी किती असतील? लेट, लेटली. निअर, निअरली. पोळ्या लाटतानाही तोंडात तेच. तव्यावरची पोळी करपली तेव्हा कुठं भान आलं.

शनिवारी तिनं स्कूटी काढली आणि रुखमाबाईचं घर गाठलं. म्हातारी खाटेवर पडून होती, पाय प्लास्टरमध्ये.

"आजी, त्या दिवशी तुमची गाडी माझ्यामुळं फिरली," वैष्णवी उभ्यानंच बोलली. मेसेजची सगळी हकीकत सांगितली.

रुखमाबाईनं ऐकून घेतलं. "पोरगं बरं हाये?"

"हो."

"माह्या पायाले मुंग्या डसून राह्यल्या होत्या. हाकलता येत नव्हत्या. थे मी इसरनार नाही."

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं.

"बराबर लिवलं असतं तं गाडी मले भेटली असती?"

"मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही."

"थो डॉक्टर कोन्या गावचा?"

"नेरचे. आपल्याच जिल्ह्यातले."

"मंग त्याले मराठी येत नाही काय? तू इंग्रजी कायले झोडतं?"

इंग्रजीत लिहिलं की आपण शिकलेल्या वाटतो, हे सांगायची वैष्णवीला लाज वाटली. नजर चुकवायला ती प्लास्टरकडं पाहू लागली, आणि बाहेर आलेली सुजलेली बोटं तिला दिसली. तिनं हात लावला. "आजी, बोटं हलवा."

"हालत नाहीत कालपासून. ठनकते लय. सुनंले सांगितलं, थे म्हने प्लास्टर नवंच हाये."

वैष्णवीनं तिथंच खाटेशेजारी बसून डॉक्टरांना मराठीत लिहिलं, 'रुखमाबाईची बोटं गार, निळसर, सुजलेली. हलत नाहीत. ठणका कालपासून वाढतोय. प्लास्टर फार घट्ट वाटतं.' एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. कुठल्या शब्दाचे दोन अर्थ निघतात का, ते पाहिलं आणि पाठवलं.

डॉक्टरांचा फोनच आला. "ताबडतोब आणा. प्लास्टर कापावं लागेल. उशीर झाला तर पाय जाईल."

पूनमसिंग येईपर्यंत तिला बसवेना. दारात जाई, परत येऊन बोटं चाचपून पाही. गाडीत ती म्हातारीचा पाय मांडीवर धरून बसली.

"काय लिवलं त्याले?" रुखमाबाईनं विचारलं.

वैष्णवीनं मेसेज वाचून दाखवला.

"हां," म्हातारी म्हणाली, "असंच हाये." मग डोळे मिटून तिनं वैष्णवीचं मनगट घट्ट पकडलं, आणि दवाखाना येईपर्यंत सोडलं नाही.